सात नंबरच्या ड्रॉवरमधली अक्षरं

१

सोमवारी सकाळी साडेनऊला कुंदा राजाध्यक्षांनी सात नंबरचा ड्रॉवर ओढला आणि त्यांचा हात तिथल्या तिथे थांबला. ड्रॉवर रिकामा! म्हणजे अगदी रिकामा नव्हे, तळाशी बटर पेपरचा एक गठ्ठा होता, कडेला कड लावून नीट ठेवलेला. पण ज्यांच्यासाठी हा ड्रॉवर होता ती अठ्ठेचाळीस चित्रं नव्हती. अनंत कारखानीस सरांची अकरा वर्षांची मेहनत, एकेका जाड कागदावर काळ्या शाईत काढलेलं देवनागरीचं एकेक अक्षर, सगळं छू झालं होतं. कुलूप मात्र जसंच्या तसं.

"मेले मी!" कुंदाबाई म्हणाल्या. ऐकायला कोणी नव्हतं. त्यांचं बोलणं ऐकायला सहसा कोणी नसायचंच. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि रविवारचा अख्खा दिवस दूधवाल्याशी झालेल्या चार शब्दांवर निघायचा. वय चोपन्न. मुलुंडच्या या उपयोजित कलेच्या संस्थेत सव्वीस वर्षं ग्रंथपाल. वाचनालयाच्या मागच्या खोलीतले चित्रांचे ड्रॉवरही त्यांच्याच ताब्यात.

१९८६ साल होतं. सरांनी गिरणगावातल्या, भांडुप-घाटकोपरच्या दुकानांवरच्या पाट्यांचा अभ्यास करून ही अक्षरं बांधली होती. पुस्तकातल्या छापील अक्षराला बिचकणाऱ्या प्रौढ माणसाला रोजच्या रस्त्यावरचं, ओळखीचं अक्षर दिलं तर तो लवकर वाचायला शिकेल, असं त्यांचं म्हणणं. बुधवारी अकरा वाजता दिल्लीहून समिती येणार होती. तिनं मान डोलावली की साक्षरतेचं पहिलं पुस्तक याच अक्षरांत निघणार.

कुंदाबाईंनी बटर पेपर मोजले. बरोबर अठ्ठेचाळीस. हे चित्रांवरचे फ्लॅप. प्रत्येक चित्राच्या वरच्या कडेला असा एक अर्धपारदर्शक कागद टेपनं चिकटवतात. धूळ बसत नाही, आणि काय दुरुस्त करायचं ते त्याच्यावरच लिहिता येतं. चोरानं टेपला ब्लेड मारून फ्लॅप सोडवले होते आणि चित्रं तेवढी नेली होती. मोजता मोजता बाईंची बोटं निळसर झाली. त्यांनी ती पदराला पुसली आणि प्राचार्यांकडे धावल्या.

प्राचार्यांनी डोकं धरलं. "पोलीस नकोत हं कुंदाबाई! समिती दारातूनच परत जायची. किल्ल्या कोणाकडे?"

"माझ्याकडे, सरांकडे आणि सुहासिनी दिघेंकडे. शनिवारी मी दीडला घरी गेले."

मग वॉचमन खंडूला बोलावणं गेलं. तो म्हणाला, "शनिवारी पाचच्या सुमाराला लवू घाडीगावकर बाहेर पडला ना साहेब. काखेत हा एवढा लांब रोल, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. विचारलं तर काही बोलला नाही."

लवू शेवटच्या वर्षाला होता. डिप्लोमा हातात पडायला एक महिना उरला होता.

"झालं तर मग," प्राचार्य म्हणाले. "किल्ली कुठून मिळवली ते तोच सांगेल." मग ते पुढे म्हणाले, "बुधवारी दहापर्यंत चित्रं आली नाहीत तर त्याला काढून टाकतो. पत्र आत्ताच टाइप करून ठेवतो. कुंदाबाई, तुम्ही इथल्या सगळ्यात जुन्या, पोरं तुमच्याशी बोलतात. बघा त्याच्या पोटातून काय निघतंय ते."

२

लवू वरच्या स्टुडिओत आपली डिप्लोमाची पोस्टर्स मांडत होता. बाप गिरणीतला, संपात नोकरी गेलेला. पोरगा काळासावळा, हाडकुळा, आणि एकदा गप्प बसला की दगड.

"लवू, काय होतं रे त्या रोलमध्ये?"

"नाय सांगू शकत, बाई."

"अरे, तुला काढून टाकायचं पत्र तयार आहे! चार वर्षांची वाट लागेल."

त्यानं हातातली टाचण्यांची डबी खाली ठेवली. "चोरी नाय केली मी. आईशप्पथ. पण सांगू नाय शकत."

"कोणाला शब्द दिलायस?"

तो पोस्टरकडे बघत राहिला. बाईंनीही बघितलं. प्रत्येक पोस्टरचा फ्लॅप त्यानं उचलून मागच्या बाजूला दुमडला होता.

"हे कापून का नाही टाकलेस? दुमडलेले किती गबाळे दिसतात."

"सर ओरडतात ना! विद्यार्थ्यानं फ्लॅपला ब्लेड लावायचं नाय म्हणतात. पहिल्या वर्षी एकदा लावलं होतं, तर पूर्ण चित्र परत काढायला लावलं."

दुसऱ्या किल्लीवाल्या सुहासिनी दिघे. वय तिशीच्या आतबाहेर, परदेशी शिकून आलेल्या शिक्षिका, तोंडानं फटकळ. सरांचं आणि त्यांचं दोन वर्षं जमत नव्हतं. कुंदाबाई खोलीत गेल्या तेव्हा त्या एका जाहिरातीच्या चित्रावरचा फ्लॅप टर्रकन फाडून टोपलीत टाकत होत्या. टोपली अशाच कागदांनी भरली होती.

"मी नेली असं वाटतंय ना सगळ्यांना?" त्याच म्हणाल्या. "मला ते संशोधन पटत नाही, हे मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोललेय. रस्त्यावरच्या पेंटरची अक्षरं गोळा करायची आणि खाली आपलं नाव घालायचं! त्या पेंटरला काय मिळालं हो? पण पटत नाही म्हणून मी ड्रॉवर फोडत बसत नाही, कुंदाबाई."

"फोडला नाहीये. किल्लीनं उघडलाय."

"माझी किल्ली शुक्रवारी बंद पाकिटात घालून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलीय; त्यांनी अजून उघडलंही नसेल. विचारा त्यांना. आणि मी एक विचारू? तुमच्या सरांना चित्र काढताना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? मी इथे आल्यापासून वर्गात एक रेघ ओढलेली नाही त्यांनी. सगळं स्लाइड दाखवून. मुलांना हात दिसायला नको का मास्तरचा?"

कुंदाबाईंना राग आला. सरांबद्दल असं कोणी बोललं की त्यांना यायचाच. पण जिना उतरताना त्या आठवायला लागल्या, आणि काही केल्या आठवेना.

३

चार वाजता अनंत सर नेहमीसारखे वाचनालयात आले. सत्तावन्न वर्षांचे, विधुर, बोरीवलीला एकटेच राहायचे. गेली चार वर्षं रोज चारला येऊन ते कुंदाबाईंच्या टेबलासमोर बसत. चष्मा घरी राहिला म्हणत आणि आपली टिपणं त्यांना सांगत; बाई लिहून घेत. सगळ्या दिवसात कुंदाबाईंना आवडायचा तो हाच एक तास. ते खुर्चीत बसले की या बाईंना वाटायचं, आपलंही कोणीतरी आहे.

आज टिपणं नव्हती. सर दोन्ही हात खिशात घालून बसले होते.

"काही लागलं का हाती, कुंदाबाई?"

"अजून नाही. सगळ्यांचा संशय लवूवर आहे. तुम्हाला काय वाटतं, सर? त्यानं नेली असतील?"

"मुलगा वाईट नाही," ते म्हणाले, आणि एवढंच म्हणून उठून गेले.

हे काही बाईंच्या गळ्याखाली उतरेना. एरवी हाच माणूस लवूसाठी प्राचार्यांशी भांडला असता. त्यांनी दार लोटून घेतलं आणि फ्लॅपचा गठ्ठा पुढे ओढला.

चोर घाईत असतो. तो चित्रं फ्लॅपसकट उचलतो, एकेक टेप ब्लेडनं सोडवत बसत नाही. आणि सोडवलेच, तर अ पासून ज्ञ पर्यंत क्रमानं लावून परत ड्रॉवरमध्ये कशाला ठेवेल? लवू फ्लॅप मागे दुमडतो. सुहासिनी फाडून फेकते. मग असं करतं कोण? आणि बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जुनी माणसं करतात! चित्र छपाईच्या मोठ्या कॅमेऱ्याखाली ठेवायचं असलं की काचेत फ्लॅप अडकतो, म्हणून ब्लेडनं सोडवायचा, आणि चित्र परत आल्यावर त्यावरच चिकटवायला त्याच ड्रॉवरमध्ये क्रमानं ठेवायचा. वीस वर्षांपूर्वी या संस्थेत सरसकट हीच पद्धत होती. आता ती दोनच माणसांच्या हातात उरली होती: अनंत सर, आणि त्यांनीच तयार केलेला कॅमेरावाला शिवदास.

त्यांनी फ्लॅपवरचं लिहिणं पाहिलं. लाल पेन्सिलचे बाण, गोल, शब्द: 'काना जाड', 'पोट सैल', 'इथे हात आखडलाय'. अक्षर सरांचंच. सुरुवातीच्या फ्लॅपवरचे बाण सरळ होते. पुढे पुढे ते डगमगत गेले होते, आणि शेवटच्या दहाबारांवर तर एक गोलसुद्धा धड मिटलेला नव्हता.

पण बाण का? स्वतःच्याच चित्राला कोणी बाण काढून सूचना देतो? चित्रकाराला आपली चूक दिसली की तो ब्लेडनं खरवडतो, पांढरा रंग लावतो आणि मोकळा होतो. बाण काढतो तो मास्तर, दुसऱ्याच्या कामावर.

कुंदाबाई उठल्या त्या थेट तळमजल्यावरच्या डार्करूममध्ये गेल्या.

"शिवदास, शनिवारी छपाईच्या किती फिल्म काढल्यास?"

शिवदासचा चेहरा उतरला. "कसल्या फिल्म, बाई?"

"मला शेंड्या लावू नकोस. एका पोराचं आयुष्य जातंय."

"बारा," तो हळूच म्हणाला. "एकेका फिल्मवर चार अक्षरं. दुपारी दोनला सुरू केलं. चोरीचं ऐकलं तेव्हा माझी बोबडीच वळली. पण हुकूम होता ना, कोणाला बोलायचं नाही म्हणून! फिल्म झकास आल्यात. कागदावर आडव्या निळ्या रेघा होत्या, पण त्यांची फिकीर नाही. फिकट निळं आमच्या फिल्मला दिसतच नाही, नुसतं काळं तेवढं उमटतं."

निळ्या रेघा! फ्लॅपखालून त्या कधी दिसल्या नव्हत्या. बाईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं. सर तर सगळ्यांना टी-स्क्वेअर आणि पेन्सिल घेऊन रेघ मारायला शिकवायचे.

"हुकूम कोणाचा होता, शिवदास?"

"आता तुम्हीच विचारताय म्हणून सांगतो, बाई. अनंत सरांचा."

४

त्या रात्री कुंदाबाई जेवल्या नाहीत. मंगळवारी सकाळी त्यांनी वाचनालयाच्या नोंदीतून लवूचा पत्ता काढला आणि भांडुपला टेंभीपाड्याची चढण चढल्या. तो रोल कुठे गेला ते तिथेच कळणार होतं. पोरगा बाहेर पडला असेल अशी वेळ साधूनच त्या गेल्या.

घराबाहेरच्या अंगणात एक माणूस पत्र्याच्या पाटीवर वाकला होता. पाटीच्या दोन टोकांना त्यानं दोरा ताणून धरला होता. दोरा मध्ये उचलून त्यानं सोडला, टप्प आवाज झाला, आणि पाटीवर एक सरळ निळी रेघ उमटली. शेजारी वाटीत कपड्यांना घालायची नीळ कालवलेली. त्या रेघेला लटकवून त्यानं ब्रशनं अक्षर काढायला घेतलं, मोजमाप न करता, सावकाश. कुंदाबाई बघतच राहिल्या. ते अक्षर त्यांनी सात नंबरच्या ड्रॉवरमध्ये फ्लॅपच्या आडून शेकडो वेळा पाहिलं होतं.

"बाळा घाडीगावकर ना? मी लवूच्या कॉलेजातली ग्रंथपाल."

माणूस हात पुसत उठला. गिरणी सुटल्यापासून तो पाट्याच रंगवत होता. "येवा बाई, बसा. माझ्या झिलान, लवून, काय केल्यान?"

"त्यानं काही नाही केलं. पण उद्या त्याला काढून टाकणार आहेत. चित्रं चोरली म्हणून."

बाळानं पुसायचा फडका बाजूला टाकला. "माका काय एक बोलाक नाय तो!" त्यानं आत जाऊन खाटेखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेला रोल आणला आणि बाईंसमोर उलगडला. अठ्ठेचाळीस अक्षरं. प्रत्येकाच्या डोक्यावरून फिकट निळी रेघ गेलेली. "शनिवारी सरांनी झिलाकडे दिल्यानी. बापाशीक दे, जपून ठेव म्हणान सांग, उघडू नको नि कोणाक बोलू नको. तेंचो हात थरथरता, बाई, चार वर्सां झाली. ते बसान सांगत, मी काढी. अक्षरां माझी, पण डोळो तेंचो. तेंनीच झिलाक थंय कॉलेजात घेतल्यानी. माका नाव नको हा बाई. पोराचो डिप्लोमा तेवढो होव दे."

"चार वर्षं थरथरतोय?" बाईंनी विचारलं. त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

"होय. पेनसुद्धा धरूक येणा नाय."

चार वर्षं. रोज चार वाजता. चष्मा घरी राहिला.

कुंदाबाई अंगणातल्या स्टुलावर बसल्या. बाळानं पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं, आणि चित्रं घेऊन जायची परवानगी मागितली.

५

सर रिकाम्या वर्गात बसले होते. बाईंनी दार लावून घेतलं आणि रोल टेबलावर ठेवला.

"शनिवारी दीडनंतर तुम्ही ड्रॉवर उघडलात," त्या म्हणाल्या. "सवयीनं फ्लॅप सोडवलेत आणि सवयीनंच क्रमानं परत ठेवलेत. तिथेच चुकलात, सर. दुसरं कोणीच ते केलं नसतं. शिवदासकडून फिल्म काढून घेतल्यात, कारण फिल्मवर निळी रेघ येत नाही. मूळ कागद समितीनं पाहिले असते तर तिच्यातल्या कोणीही ओळखलं असतं की ही पाट्या रंगवणाऱ्यानं दोरा ताणून मारलेली सुताची रेघ आहे, हा तुमचा हात नव्हे. उद्या तुम्ही म्हणणार होता, मूळ चित्रं चोरीला गेली, पण नशीब, फिल्म शिल्लक आहेत. खरं की नाही?"

सरांचे हात अजून खिशात होते.

"कागद जाळून टाकले असतेत तर मला काही सापडलं नसतं."

"नाही जमलं," सर म्हणाले. "इतकी चांगली अक्षरं, कुंदाबाई. ज्याची त्याला परत दिली. लवूला खंडू बघेल, हे डोक्यातच आलं नाही."

"सोमवारी सकाळी तर कळलं ना? कालचा अख्खा दिवस गेला. ते पोर तुम्हाला दिलेल्या शब्दापायी मरतंय आणि तुम्ही म्हणता, मुलगा वाईट नाही!"

"हाताचं कळलं असतं तर मला घरी बसवलं असतं. घरी कोण आहे माझं?"

"माझं तरी कोण आहे?" कुंदाबाई म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडत होत्या. "चार वर्षं मी वाट बघायचे चार वाजायची. मला वाटायचं, तुम्ही माझ्याकडे येता. तुम्हाला नुसता लिहायला हात हवा होता."

"नुसता नाही हो," सर म्हणाले. पण इतक्या हळू की त्याचा काही उपयोग नव्हता.

मग ते गयावया करायला लागले. "एक दिवस द्या. समिती जाऊ दे, मग लवूचं मी सगळं निस्तरतो. तुम्ही तरी माझ्या बाजूच्या ना?"

"पत्र सकाळी दहाला निघणार आहे. एकदा निघालं की ते मागे घेणारं इथे कोणी नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. प्राचार्यांना सगळं खरं कळलं पाहिजे. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

सर टेबलावरच्या रोलकडे वळले. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. कागद घ्या. मी सांगतो, तुम्ही लिहा. सही करतो मी."

बाईंचा हात पेनाकडे गेलासुद्धा. त्यांनी तो मागे घेतला.

"नाही सर. हे तुमचं तुम्ही लिहायचं. कसं का येईना."

खिशातून हात बाहेर आले. त्यांची थरथर थांबत नव्हती. सात ओळी लिहायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. दोनदा पेन खाली पडलं, दोन्ही वेळा बाईंनी उचलून दिलं. पूर्ण वेळ त्या समोर बसून होत्या, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

६

बुधवारी पावणेदहाला प्राचार्यांनी ते सात ओळींचं पत्र वाचलं. लवूचं टाइप केलेलं पत्र त्यांनी फाडलं आणि खंडूला बाळाला बोलवायला पाठवलं. सरांनी शेवटच्या ओळीत राजीनामा दिला होता. ते आलेच नाहीत.

अकराला समिती आली. टेबलावर अठ्ठेचाळीस कागद निळ्या रेघांसकट मांडलेले. समितीतल्या एका म्हाताऱ्या मराठी गृहस्थांनी एक कागद उचलून उजेडात धरला. "सूत मारलंय की हे! कोणाचा हात?"

इस्त्रीचा शर्ट घालून, चपला बाहेर काढून बाळा दाराशी उभा होता. सुहासिनी दिघेंनी आपली खुर्ची उचलून त्याच्यापाशी नेली आणि म्हणाल्या, "यांचा. बसा हो काका." मग दीड तास समिती त्यालाच प्रश्न विचारत होती, आणि तो मालवणीतून उत्तरं देत होता; म्हातारे गृहस्थ ती बाकीच्यांना हिंदीत सांगत होते. पुस्तकाच्या पहिल्या पानावर अक्षरकार म्हणून बाळा घाडीगावकर आणि मार्गदर्शक म्हणून अनंत कारखानीस अशी दोन नावं टाकायचं ठरलं. फ्लॅपवरचे लाल बाण बघून ते दुसरं नाव म्हाताऱ्या गृहस्थांनीच सुचवलं.

लवू दोन-दोन पायऱ्या चढत वाचनालयात आला. "बाई, वाचलो! बाबांचं नाव छापणार आहेत, बाई! तुम्हाला कसं काय कळलं सगळं?" तो पाया पडला. बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "जा रे, बापाजवळ जा. गोंधळून गेला असेल तो तिथे."

तो गेला. वाचनालय पुन्हा शांत झालं. कुंदाबाईंना आनंद झाला होता, अगदी खरा आनंद. पुस्तकावर दोन्ही नावं येणार होती, आणि हे धावत जाऊन सांगावं असं त्यांना वाटत होतं. असं ज्याला सांगावं असा माणूस जगात त्यांना एकच होता, आणि त्याला त्यांनी स्वतःच उठवून लावलं होतं. पुन्हा तसंच करायची वेळ आली असती तर त्यांनी पुन्हा तसंच केलं असतं, हेही त्यांना ठाऊक होतं. त्या खुर्चीत बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. दार उघडंच होतं, पण कोणी आलं नाही.